वेबसाइटचं मॉकअप किती रुंद करायचं?

वेबसाइट बांधण्याआधी ती कशी दिसेल याचं चित्र करतात, ते मॉकअप. त्यासाठी फिग्मा या सॉफ्टवेअरात नवी फ्रेम, म्हणजे कामाची चौकट, घ्यायला गेलं की उजव्या बाजूला आकारांची लांबलचक यादी उघडते. आयफोनचे चार-पाच प्रकार, अँड्रॉइड, टॅबलेट, मॅकबुक, डेस्कटॉप, मनगटी घड्याळसुद्धा. नवा माणूस इथंच अडतो. मग त्याला आपल्या लॅपटॉपच्या खोक्यावरचं 'फुल एचडी' आठवतं आणि तो १९२० बाय १०८० ची फ्रेम घेऊन कामाला लागतो.

सोलापुरात माझ्या पाहण्यातले बरेच जण फ्लेक्स, लग्नपत्रिका, चादरीच्या पिशवीवरची छपाई असं करत करत वेबकडे वळलेले आहेत. कोरलड्रॉमध्ये आधी कागदाचा आकार टाकायचा आणि मग कामाला हात घालायचा, ही त्यांची सवय. छपाईत ती बरोबरच आहे, आकार चुकला तर अख्खा फ्लेक्स वाया जातो. त्यामुळे वेबसाइटचाही एक बरोबर आकार कुठंतरी लिहिलेला असणार आणि तो कुणीतरी एकदाचा सांगून टाकावा, अशी त्यांची अपेक्षा असते.

तसा आकार नाही. पण म्हणून "काहीही घ्या, साइट रेस्पॉन्सिव्ह आहे, पडद्याप्रमाणे आपोआप जुळते, डेव्हलपर बघून घेईल" हेही खरं नाही. डेव्हलपर बघून घेतो म्हणजे तो स्वतःच्या मनानं ठरवतो, आणि मग गिऱ्हाईक डिझायनरला फोन करतं. मॉकअपसाठी रुंदी निवडायची ती 'लोकांची स्क्रीन केवढी' एवढ्यावरून नाही. आपल्या मजकुराची ओढाताण कुठल्या रुंदीला होते, ते बघून निवडायची. पुढचं सगळं या एका वाक्याचा खुलासा आहे.

उदाहरणासाठी धरून चालू की अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याची साइट करायची आहे. पाच-सहा पानं, मालाचे फोटो, आकार आणि जीएसएमचं (दर चौरस मीटरला किती ग्रॅम) कोष्टक, आणि घाऊक दर विचारायचं बटण.

उंची सोडा, रुंदी धरा

मागावर पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, आधी ठरतो. लांबी हवी तेवढी विणत जायची, कापायचं नंतर. वेबपानाचंही तसंच आहे: रुंदी बांधलेली, लांबी मजकूर असेल तेवढी, बोटानं सरकवत खाली जायचं. फरक एकच, पण मोठा. इथं पन्हा विणणारा ठरवत नाही, गिऱ्हाईक ठरवतं, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचा पन्हा वेगळा असतो.

म्हणून '१४४० बाय १०२४' असा तयार आकार यादीत दिसला तर त्यातलं १४४० कामाचं. १०२४ ला पान संपवायचा प्रयत्न करू नका. फ्रेम खाली हवी तेवढी वाढवा. उंचीचा खरा प्रश्न एकच, पान उघडल्या उघडल्या न सरकवता काय दिसतं. त्याकडे पुढं येऊ.

खोक्यावरचे पिक्सेल आणि कामाचे पिक्सेल

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो, म्हणून जरा सावकाश.

साध्या अँड्रॉइड फोनच्या खोक्यावर लिहिलेलं असतं १०८० बाय २४००. लॅपटॉपच्या खोक्यावर १९२० बाय १०८०. हे आकडे सरळ घेतले तर फोनची रुंदी लॅपटॉपच्या निम्म्याहून जास्त भरते. हातात धरून बघितलं तर फोन तळव्यात मावतो. मग घोळ कुठं आहे?

खोक्यावरचा आकडा पडद्यावर प्रत्यक्ष किती ठिपके आहेत ते सांगतो. ब्राउझर त्या ठिपक्यांत मोजत नाही. तो मोजतो सीएसएस पिक्सेलमध्ये (सीएसएस म्हणजे वेबपानाची मांडणी ठरवणारी भाषा). हा पिक्सेल म्हणजे ठरवलेलं माप आहे, साधारण हातभर अंतरावरून बघताना ठरावीक आकाराचं दिसेल असं. फोनचे ठिपके फार बारीक असतात, म्हणून एका सीएसएस पिक्सेलमागे आडवे दोन किंवा तीन ठिपके खर्ची पडतात. या पटीला डिव्हाइस पिक्सेल रेशो म्हणतात.

हिशोब भागाकाराचा आहे. १०८० ठिपक्यांचा फोन, पट ३, म्हणजे ब्राउझरच्या लेखी रुंदी ३६०. त्याहून स्वस्त फोन घ्या, ७२० ठिपक्यांचा, पट २: पुन्हा ३६०. दोन फोनच्या किमतीत दुपटीचा फरक असेल, पण डिझायनरच्या दृष्टीनं दोन्ही एकच. उलट त्याच १०८० ठिपक्यांच्या काही फोनांत पट २.६२५ असते आणि रुंदी ४१२ च्या जवळ जाते. आयफोन १२, १३ आणि १४ चं साधं मॉडेल ३९० चं, १५ आणि १६ चं ३९३.

ही भानगड सुरू झाली ती आयफोनमुळे. २००७ साली पहिला आयफोन आला तेव्हा वेबसाइट्स मोठ्या मॉनिटरसाठी बांधलेल्या होत्या आणि फोन होता ३२० रुंदीचा. ॲपलनं युक्ती केली. फोन ब्राउझरला सांगायचा की मी ९८० रुंद आहे, पान तसं मांड, मग मी ते आक्रसून दाखवतो. आजही साइटच्या कोडमध्ये व्ह्यूपोर्टची, म्हणजे 'फोनची खरी रुंदी धर' असं सांगणारी, एक ओळ राहून गेली की फोनवर पान असंच मुंगीएवढं दिसतं. २०१० मध्ये आयफोन ४ आला. ठिपके दुप्पट झाले, ६४० बाय ९६०, पण ब्राउझरसाठी रुंदी ३२० च राहिली. ठिपके वाढले ते अक्षरं कोरीव दिसावीत म्हणून, पानावर जास्त माल मावावा म्हणून नव्हे. त्याच वर्षी मे महिन्यात वेब डिझायनर ईथन मार्कोट यांनी 'रेस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' या नावाचा लेख लिहिला आणि एकच पान प्रत्येक रुंदीला आपोआप जुळवून घेईल अशी रीत रुळली. त्याआधी १०२४ च्या मॉनिटरला धरून ९६० ची चौकट आखायची आणि मोकळं व्हायचं, असा सुखाचा काळ होता. ९६० ला १२ नंही भाग जातो आणि १६ नंही, म्हणून कॉलम पाडायला तो आकडा सोयीचा.

लॅपटॉपवरही हेच. पंधरा इंची फुल एचडी लॅपटॉपवर विंडोज बहुधा १२५ किंवा १५० टक्के स्केलिंग लावून येतं, नाहीतर अक्षरं वाचता येणार नाहीत. १९२० भागिले १.२५ म्हणजे १५३६. भागिले १.५ म्हणजे १२८०. म्हणजे खोक्यावर १९२० वाचून ज्यानं त्या रुंदीचं मॉकअप केलं, त्याच्या स्वतःच्याच लॅपटॉपवर ती साइट त्या रुंदीत कधी दिसणार नाही. शंका असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केलिंगचा टक्का बघा आणि भागून घ्या.

जाता जाता डीपीआयबद्दल, म्हणजे एका इंचात किती ठिपके त्याबद्दल. छपाईतून आलेले मित्र वेबच्या फाइललाही ३०० डीपीआय लावतात. पडद्याला त्याचं सोयरसुतक नाही, तो फक्त पिक्सेल मोजतो. फोटोचा हिशोब वेगळा करायचा: मॉकअपमध्ये फोटो ३६० रुंद दिसत असेल आणि फोनची पट ३ असेल, तर फोटो १०८० पिक्सेलचा लागेल. टॉवेलच्या फोटोत तर हे महत्त्वाचं, कारण गिऱ्हाइकाला सुताची लूप दिसली पाहिजे. फ्रेम मात्र एकपटच ठेवा. कुणी कुणी मॉकअपच १०८० रुंदीचं करतात आणि मग त्यात ४८ आकाराची अक्षरं टाकतात. डेव्हलपरला प्रत्येक आकडा तीननं भागत बसावं लागतं, आणि एखादा भागायचा राहतोच.

अरुंद बाजूनं सुरुवात

माझं मत स्पष्ट आहे: पहिली फ्रेम ३६० ची घ्या. ३९३ ची नको, फिग्मा पुढं करत असलं तरी.

कारण असं. टॉवेलच्या दुकानदाराला साइटची लिंक व्हॉट्सॲपवरच येणार, आणि त्याच्या हातात बहुतेक वेळा अँड्रॉइडच असणार. गूगलही आता शोधासाठी पानाचं मोबाइलवरचं रूपच वाचतं. २०१६ मध्ये जाहीर केलेला तो बदल २०२३ मध्ये पुरा झाला. शिवाय ३६० ला जे बसलं ते ३९० ला आणि ४१२ ला मोकळं बसतं. ३९३ ला जेमतेम बसवलेलं ३६० ला फुटतं. जागा वाढली तर कुणी तक्रार करत नाही.

हा फुटण्याचा प्रकार जवळून बघू. मालाचं पान, एका ओळीत दोन टॉवेल. डावी-उजवी मार्जिन १६-१६, मधली फट १२. ३६० मधून ३२ गेले, राहिले ३२८. फट गेली, राहिले ३१६. एका कार्डाला १५८. कार्डाच्या आत पुन्हा दोन्हीकडे १२ ची मोकळीक, म्हणजे मजकुराला १३४. यात लिहायचंय 'जॅकार्ड टेरी टॉवेल, ३० बाय ६० इंच'. १६ च्या अक्षरात फॉन्टप्रमाणे दोन ते तीन ओळी होतात. शेजारच्या कार्डावर 'फेस टॉवेल' एवढंच असेल तर तिथं एक ओळ. झालं, दोन बटणं वरखाली. इंग्रजीत 'टॉवेल' असा एक शब्द टाकून केलेल्या मॉकअपमध्ये हे कधीच दिसत नाही.

आता हेच ३९३ मध्ये करा: कार्डाला पावणेदोनशेच्या आसपास मिळतात, बटणावरचं 'घाऊक दर विचारा' एका ओळीत छान बसतं, सगळे खूश. आणि ३२० ला? कार्डाला १३८, आतली मोकळीक वजा जाता ११४. तिथं बटणाच्या दोन ओळी होणार किंवा शब्द कापला जाणार. मग डिझायनरनंच ठरवायचं की इतक्या अरुंद पडद्यावर एका ओळीत एकच टॉवेल दाखवायचा. हा निर्णय मॉकअपमध्ये नसेल तर तो डेव्हलपर घाईत घेतो.

३२० चे फोन आता कुठे राहिलेत, असं कुणी म्हणेल. फोन राहिले नसतील, रुंदी राहिली आहे. अँड्रॉइडमध्ये 'डिस्प्ले साइज' मोठी केली की ब्राउझरला मिळणारी रुंदी कमी होते. पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही व्यापाऱ्याचा फोन हातात घेऊन बघा, ते सेटिंग बहुधा वाढवलेलं असतं. लॅपटॉपवर कुणी कंट्रोल आणि अधिकची कळ दाबत पान मोठं केलं तरी तेच होतं: १२८० ची खिडकी ४०० टक्क्यांवर नेली की उरतात ३२०. सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांनाही साइट वापरता यावी यासाठीचे, जे जागतिक निकष आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांच्या २०१८ च्या २.१ आवृत्तीत ३२० चा आकडा याच हिशोबानं आलाय. त्या रुंदीला पान आडवं सरकवायला लागू नये, अशी अट आहे. कोष्टकाला सूट आहे, कारण आकार, वजन, जीएसएम, पेटीतली नगसंख्या असे सहा रकाने ३२० मध्ये कुणीच बसवू शकत नाही. ते कोष्टक स्वतःच्या चौकटीत आडवं सरकू द्या, पान जागेवर राहू द्या.

बोटाच्या जागेचा विचारही इथंच करून टाका. ॲपल बटणाला ४४ सांगतं, गूगलचं मटेरियल डिझाइन ४८, आणि २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये किमान २४. मी ४४ च्या खाली जात नाही. दुकानात टॉवेलच्या गठ्ठ्यावर एक हात ठेवून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं दाबणारा माणूस डोळ्यांसमोर आणा.

देवनागरीला जागा लागते

परदेशी टेम्प्लेट आणून त्यात मराठी ओतलं की दोन गोष्टी बिघडतात. पहिली उभी. आपल्या अक्षराला वर वेलांटी, रफार, मात्रा, अनुस्वार. खाली उकार, ऋकार. 'दुर्मीळ', 'कर्तृत्व', 'पूर्तता' हे शब्द इंग्रजीच्या ओळींतल्या अंतरावर बसवले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. अक्षराच्या १.२ पट ओळ शीर्षकाला इंग्रजीत चालते, मराठीत १.४ तरी घ्या, मजकुराला १.६ ते १.७. सगळ्या कार्डांची उंची त्यानं वाढते, म्हणून हे शेवटी नाही, पहिल्या फ्रेमलाच करायचं.

दुसरी आडवी. मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतात आणि शब्द लांबत जातो. 'महानगरपालिकेच्या', 'उत्पादकांकडून', 'वस्त्रोद्योगासाठी'. ३२ च्या ठळक अक्षरात 'महानगरपालिकेच्या' हा एक शब्द ३६० च्या फोनवर जवळपास अख्खी ओळ खातो, आणि ३२० वर बाहेर पडायला बघतो. म्हणून मॉकअपमध्ये नमुना मजकूर म्हणून लॅटिनचा भरताड टाकू नका. कारखान्याच्या जुन्या माहितीपत्रकातला खरा मजकूर घ्या, आणि त्यातलाही सगळ्यात लांब शब्दांचा.

सोलापुरात आणखी एक विचारून घ्यावं लागतं. पूर्व भागातल्या गिऱ्हाइकाला साइट तेलुगूतही हवी असते, कर्नाटकात माल जाणाऱ्याला कन्नडमध्ये. त्या दोन्ही लिप्यांत जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लटकतो, त्यामुळे ओळींमधली जागा मराठीपेक्षाही जपून ठेवावी लागते. फ्रेमची रुंदी बदलत नाही, पण त्याच रुंदीत तीन भाषा एकदा टाकून बघणं हा पाच मिनिटांचा उद्योग आहे आणि फार काही शिकवून जातो.

लॅपटॉपची फ्रेम

मोठ्या पडद्यासाठी मी १४४० ची फ्रेम घेतो आणि मजकूर मधल्या १२०० मध्ये ठेवतो. दोन्ही कडेला १२० मोकळे. १२०० चे १२ कॉलम, मध्ये २४ ची फट, म्हणजे प्रत्येक कॉलम ७८ चा. आकडे पूर्णांकात येतात. पण १२०० निवडायचं खरं कारण तेवढंच नाही. १२८० च्या खिडकीत, म्हणजे दीडशे टक्के स्केलिंगच्या लॅपटॉपवर, १२०० बसून दोन्ही बाजूंना ४० उरतात. त्यातून विंडोजची सरकपट्टी पंधरा-सतरा खाते, तरी भागतं. १३६६ च्या जुन्या लॅपटॉपवर ८३-८३ राहतात. मजकूर १३०० च्या पुढं पसरला की या दोन्ही ठिकाणी तो आक्रसावा लागतो, आणि कारखान्याच्या ऑफिसात अकाउंटंटच्या टेबलावर बहुधा असाच लॅपटॉप असतो.

आता उंचीकडे. १३६६ बाय ७६८ चा लॅपटॉप घ्या. खाली टास्कबार, वर टॅब, पत्त्याची पट्टी, बुकमार्कची पट्टी. पानाला ७६८ मधून सव्वासहाशेच्या आसपासच मिळतात. १५० टक्क्यांच्या फुल एचडी लॅपटॉपवर तर सुरुवातच ७२० पासून. आणि मॉकअपमध्ये काय असतं? पहिल्याच पट्ट्यात ९०० उंचीचा कारखान्याचा फोटो, त्याच्या तळाला 'घाऊक दर विचारा'. डिझायनरच्या फ्रेममध्ये ते डोळ्यांसमोर असतं, गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपवर घडीखाली, म्हणजे सरकवल्याशिवाय न दिसणारं. उपाय सोपा: डेस्कटॉपच्या फ्रेमवर ५५० ला एक आडवी रेघ ओढून ठेवा आणि फोनच्या फ्रेमवर ६२० च्या आसपास. ३६० बाय ८०० च्या फोनवरही वरच्या-खालच्या पट्ट्या वजा जाता साडेसहाशेच्या आगेमागेच दिसतं. इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरात त्याहून कमी. कंपनीचं नाव, काय बनवता आणि बटण एवढं त्या रेघेच्या वर. बाकीचं खाली असलं तरी लोक सरकवतात. लोकांना सरकवायचा कंटाळा नसतो, काय आहे ते कळलं नाही तर मात्र ते परत जातात.

फोनवरच्या उंचीत आणखी एक खोड आहे. पान सरकवलं की पत्त्याची पट्टी लपते आणि दिसणारी उंची बदलते. 'पूर्ण स्क्रीनभर फोटो' असं मॉकअप दिलं असेल तर तो फोटो नक्की कुठल्या उंचीला, पट्टी असताना की नसताना, हे डेव्हलपरला सांगा. सीएसएसमध्ये आता दोन्हींसाठी वेगळी मापं आहेत. मी तर पूर्ण स्क्रीनभर काही करतच नाही.

मधली फ्रेम लागते का?

टॅबलेटसाठी म्हणून ७६८ ची फ्रेम करतात. टॉवेल कारखान्याच्या साइटवर टॅबलेटवरून किती जण येतील हे सांगायला नको. तरीही ती फ्रेम मी करतो, पण वेगळ्या कारणासाठी. १२५ टक्क्यांच्या फुल एचडी लॅपटॉपची रुंदी १५३६. त्यात अर्ध्या बाजूला हिशोबाचं टॅली आणि अर्ध्या बाजूला ब्राउझर उघडा: १५३६ च्या निम्मे बरोबर ७६८. सुताच्या व्यापाऱ्यांच्या ऑफिसात पडदा दिवसभर असाच वाटलेला असतो. १३६६ चा लॅपटॉप असेल तर निम्मे ६८३. खरेदी विभागातला माणूस दर विचारताना याच अर्ध्या खिडकीत बसलेला असतो.

मांडणीत नेमका कुठल्या रुंदीला बदल करायचा हे डेव्हलपर काय वापरतो त्यावर ठरवा, कारण त्याच्याकडचे टप्पे आधीच ठरलेले असतात. बूटस्ट्रॅप ५ या तयार कोडच्या संचात ५७६, ७६८, ९९२, १२००, १४००. टेलविंड या दुसऱ्या संचात ६४०, ७६८, १०२४, १२८०, १५३६. ७६८ दोन्हीकडे आहे, म्हणूनही ती फ्रेम सोयीची. तुम्ही ८५० ला मेन्यू बदलायचा हट्ट धरलात तर तो करून देईल, पण दर वेळी खळखळ करत.

चोवीस-सत्तावीस इंची मॉनिटरसाठी वेगळं मॉकअप नको. फक्त एक गोष्ट लिहून ठेवा, की १२०० च्या बाहेरची जागा मोकळी राहील, पार्श्वभूमीचा रंग कडेपर्यंत जाईल, पण ओळी लांबणार नाहीत. ओळ फार लांब झाली की डोळ्याला पुढच्या ओळीची सुरुवात सापडत नाही.

साइट आधीपासून चालू असेल तर अंदाज कशाला, गूगल ॲनालिटिक्समध्ये स्क्रीन रिझोल्यूशनचा तक्ता बघा. फोनांचे आकडे तिथं आपल्या कामाच्याच मापात असतात, ३६० बाय ८०० असे. लॅपटॉपचे आकडे अख्ख्या पडद्याचे असतात, खिडकीचे नाही, हे मात्र लक्षात ठेवून वाचा.

मॉकअप दाखवताना

इतकं सगळं बरोबर करून कामावर पाणी पडतं ते व्हॉट्सॲपवर. १४४० ची फ्रेम जेपीजी करून मालकांना पाठवली. मालकांनी ती ३६० च्या फोनवर उघडली. चौपट लहान. १६ चं अक्षर ४ चं झालं, वरून व्हॉट्सॲपनं फोटो दाबला तो वेगळाच. उत्तर ठरलेलं: "अक्षरं दिसंनात की ओ, जरा मोठी करा की." आणि काही डिझायनर खरंच मोठी करतात. मग साइट लागल्यावर लॅपटॉपवर शीर्षक भिंतीवरच्या जाहिरातीएवढं होतं.

उलट प्रकारही होतो: ३६० चं मोबाइल मॉकअप ऑफिसच्या मॉनिटरवर पूर्ण स्क्रीन करून दाखवलं, तर बटण पंज्याएवढं दिसतं आणि मालक म्हणतात एवढं कशाला.

फोनचं मॉकअप फोनवर दाखवा. फिग्माचं ॲप आहे किंवा प्रोटोटाइपची, म्हणजे चालवून बघायच्या मॉकअपची, लिंक पाठवता येते. ती उघडून त्यांच्याच हातात द्या, अंगठ्यानं सरकवू द्या. लॅपटॉपचं मॉकअप लॅपटॉपवर आणि १०० टक्क्यांवर, 'फिट'वर नाही. प्रत्यक्ष जाऊन दाखवणं जमत नसेल तर मोठ्या फ्रेमची प्रतिमा व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि सोबत लिहा की कंप्युटरवर बघा. मी तर डेस्कटॉपची फ्रेम आधी दाखवतच नाही. ती दिसली की मालक फोटो केवढा येतो याच्यातच गुंततात.

साइट तयार झाल्यावर तपासायची सोपी रीत: क्रोममध्ये एफ-१२ दाबा, मग कंट्रोल-शिफ्ट-एम, आणि वर 'रेस्पॉन्सिव्ह' निवडून कड धरून खिडकी हळूहळू ३२० पासून १५३६ पर्यंत ओढत न्या. तयार फोनांची नावं निवडत बसू नका. बिघाड बहुतेक वेळा दोन फ्रेमच्या मधल्या रुंदीत सापडतात, ५०० च्या आसपास किंवा ९०० ला, जिथं कुणीच मॉकअप केलेलं नसतं.

कोटेशनमध्ये काय लिहायचं

आकाराचा विषय शेवटी पैशावर येतो, म्हणून तो आधीच कागदावर घ्या. पाच-सहा पानांच्या साइटला मी असं लिहितो: मुखपृष्ठ आणि मालाचं पान ३६० आणि १४४० अशा दोन रुंदीला, ७६८ ची फ्रेम फक्त मालाच्या पानाची, बाकी पानं ३६० ला, डेस्कटॉपला तीच मांडणी पसरेल. मधल्या रुंदीसाठी चित्र नाही, ओळी: ९९२ च्या खाली मेन्यू तीन रेघांच्या बटणात जाईल, टॉवेलची कार्डं १२०० पासून वर चार, ७६८ पासून तीन, त्याखाली दोन, ३४० च्या खाली एक, जीएसएमचं कोष्टक ७६८ च्या खाली आपल्या चौकटीत आडवं सरकेल. मजकूर मराठी आणि इंग्रजी. तेलुगू-कन्नड हवं असेल तर त्याची तपासणी वेगळी. आणि शेवटचा हप्ता देण्यापूर्वी साइट ३२०, ६८३ आणि १९२० ला उघडून दाखवली जाईल, या तिन्ही रुंदींचं मॉकअप नसलं तरी.